सादृश्य आणि उपाधी : वसाम्लांच्या जनुकविषाक्ततेच्या निर्णयाचे एक परीक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या रासायनिक पदार्थामुळे सजीवाच्या आनुवंशिक द्रव्यास, म्हणजे डीएनएला, इजा पोचते किंवा नाही हा प्रश्न त्या पदार्थावर स्वतंत्र प्रयोग करूनच सोडवावयाचा, की त्याच्यासारख्या अन्य पदार्थांवर पूर्वी झालेल्या प्रयोगांवरून त्याचे उत्तर देता येते? विषशास्त्रज्ञांनी अलीकडच्या काळात या दुसऱ्या मार्गास पद्धतशीर रूप दिले आहे. ज्ञात पदार्थाच्या गुणांवरून त्याच्याशी सदृश अशा अपरीक्षित पदार्थाविषयी निर्णय करण्याच्या या रीतीस प्रस्तुत लेखात ‘सादृश्यानुमान’ असे म्हटले आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने पदार्थांचे गट कसे पाडावेत याविषयीची मार्गदर्शिका २००७ मध्ये काढली व २०१४ मध्ये ती सुधारून प्रसिद्ध केली. हेलसिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेने अशी अनुमाने तपासून पाहण्याची एक चौकट २०१५ मध्ये तयार केली आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली.

वसाम्ले, ज्यांना मेदाम्ले असेही म्हणतात, हा या रीतीचा सर्वांत सोयीचा आणि म्हणूनच सर्वांत बोधप्रद प्रांत होय. कार्बन अणूंची एक सरळ साखळी आणि तिच्या टोकास एक कार्बॉक्सिल गट, एवढीच या अम्लांची मूळ घडण. बारा कार्बनांचे लॉरिक, सोळांचे पामिटिक, अठरांचे स्टिअरिक ही अम्ले पायरीपायरीने वाढत जाणारी एक श्रेढी आहे. ज्या कुलातील व्यक्ती इतक्या नियमाने एकमेकींसारख्या आहेत, तेथे प्रत्येकीची वेगळी परीक्षा कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मात्र हा प्रश्न इतका सरळ राहत नाही. मालवण-वेंगुर्ले परिसरात नारळाचे तेल आहे, रातांब्याच्या बियांपासून काढलेले मुठेल आहे, रापणीत सापडणाऱ्या तारलीचे तेल आहे, किनाऱ्यावरील उंडीच्या झाडाचे तेल आहे आणि काजूच्या टरफलात दडलेले दाहक तेलही आहे. व्यवहारात या सर्वांस ‘तेल’ हेच नाव आहे आणि या सर्वांत कार्बनांची लांब साखळी हा समान घटक आहे. यांपैकी काहींना आज सौंदर्यप्रसाधनांच्या व खाद्यपदार्थांच्या बाजारात मागणी आहे. ती विकू पाहणाऱ्या छोट्या उत्पादकास सुरक्षिततेचा पुरावा मागितला जातो. तो पुरावा सदृश पदार्थांवरून उसना घेता येईल काय, आणि येत असल्यास कोणत्या तेलाच्या बाबतीत, हे ठरविण्यावर एकीकडे त्या उत्पादकाचा उदरनिर्वाह आणि दुसरीकडे ग्राहकाची सुरक्षितता अवलंबून आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, वसाम्लांच्या बाबतीत सादृश्यानुमान हे शास्त्रशुद्ध प्रमाण होऊ शकते. परंतु ते रेणूविषयी सिद्ध होते, आणि बाजारात येतो तो पदार्थ. रेणू आणि पदार्थ यांमधील अंतर मोजल्यावाचून केलेले अनुमान ज्या दोषाने दूषित होते, त्यास आपल्या नैयायिकांनी ‘उपाधी’ हे नेमके नाव दिलेले आहे.

२. उपमान की अनुमान?

सादृश्यावरून ज्ञान होते हे भारतीय तर्कशास्त्रास अपरिचित नाही. न्यायदर्शनात उपमान हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे आणि त्याचे प्रसिद्ध उदाहरण गवयाचे आहे. गवय हा गाईसारखा असतो असे ज्याने ऐकले आहे, तो अरण्यात गेल्यावर गाईसारखा प्राणी पाहतो आणि ‘गवय’ म्हणतात तो हाच, असे जाणतो. या प्रमाणाचे फल किती मर्यादित आहे हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्यातून नाव आणि नावाचा विषय यांचा संबंध तेवढा कळतो. गवयाचे दूध पिण्याजोगे आहे किंवा नाही, हे त्यातून कळत नाही. तो अदृष्ट गुण जाणावयाचा तर अनुमानाकडे वळावे लागते, आणि अनुमानास व्याप्ती लागते. म्हणजे ‘जेथे जेथे हा हेतू, तेथे तेथे हे साध्य’ असा अव्यभिचारी नियम दाखवून द्यावा लागतो.

आधुनिक सादृश्यानुमानाच्या पुष्कळशा प्रबंधांत नेमकी हीच पायरी गाळलेली दिसते. दोन रेणूंच्या रचनेची तुलना करून सादृश्याचा एक अंक काढला जातो, तो पुरेसा मोठा भरला की एका रेणूचा निष्पाप असल्याचा दाखला दुसऱ्याच्या नावे लिहिला जातो. हे उपमानास अनुमानाचे काम सांगणे झाले. सादृश्याच्या अंकाने हे रेणू एका गटात घालण्याजोगे आहेत एवढे ठरते. त्या गटाचा डीएनएशी काय संबंध, हे ठरण्यास कारणसंबंध दाखवावा लागतो.

वर उल्लेखिलेल्या युरोपीय चौकटीचे श्रेय हे की, तिने हा भेद मान्य केला आहे. तिने अनुमानाचे सहा प्रकार कल्पिले असून त्यांची मूळ विभागणी दोन तत्त्वांवर केली आहे. पहिल्यात ज्ञात व अज्ञात पदार्थांचे शरीरात एकाच द्रव्यात रूपांतर होते. दुसऱ्यात द्रव्ये भिन्न असली तरी त्यांची क्रिया एकाच जातीची असते. अनुमान कोणत्या तत्त्वावर उभे आहे हे आधी सांगावयाचे आणि मग त्याच्या प्रत्येक दुव्यास एक ते पाच असे गुण द्यावयाचे, अशी ही योजना आहे. ‘दिसावयास सारखे’ एवढ्यावर तेथे निभाव लागत नाही. तथापि या चौकटीतही अशुद्धी आणि मिश्रघटक यांचा विचार पुष्कळ बाबींपैकी एक म्हणून येतो. नैसर्गिक तेलांच्या बाबतीत तो मुख्य बाब म्हणून यावयास हवा होता, असे आमचे मत आहे. त्याची कारणे पुढे दिली आहेत.

३. अनुमान कोठे सिद्ध होते

प्रथम अनुमानाची बलस्थाने पाहू. कारण ती न पाहता केलेली टीका ही केवळ भीती होय.

डीएनएला इजा करणारी बहुतेक रसायने स्वतः, अथवा शरीरातील विकरांनी बदल घडविल्यावर, इलेक्ट्रॉनांची ओढ असलेली बनतात आणि इलेक्ट्रॉनसमृद्ध डीएनएला जाऊन चिकटतात. अमेरिकेतील जेम्स व एलिझाबेथ मिलर या दांपत्याच्या संशोधनाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा सिद्धांत स्थिर केला. संपृक्त व सरळ साखळीच्या वसाम्लात असा कोणताही ओढाळ गट नाही. शरीरात त्याचे काय होते हेही पूर्णपणे ठाऊक आहे: पेशींतील तंतुकणिकांमध्ये त्या साखळीचे दोन दोन कार्बनांचे तुकडे होत जातात आणि त्यांतून ऊर्जा मिळते. साखळी बारांची असो की अठरांची, वाट तीच. येथे व्याप्तीला कारणाचा आधार आहे. म्हणून लॉरिक व स्टिअरिक अम्लांविषयीच्या पुराव्यावरून मधल्या मिरिस्टिक व पामिटिक अम्लांविषयी केलेले अनुमान निर्दोष ठरते. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांतील द्रव्यांचे परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने १९८७ मध्ये ओलेइक, लॉरिक, पामिटिक, मिरिस्टिक व स्टिअरिक या पाच अम्लांचा एकत्रच विचार करून ती प्रचलित वापरात सुरक्षित असल्याचा निर्णय दिला, तो याच न्यायाने.

आता मुठेलाचे पाहा. रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तरंगणारी चरबी थंड झाल्यावर मुठीने वळतात. त्यावरून हे नाव. तिच्यातील वसाम्लांत निम्म्याहून अधिक स्टिअरिक आणि एकतृतीयांशाहून अधिक ओलेइक अम्ल असते, आणि ती ग्लिसरिनाशी जोडलेल्या स्वरूपात असतात. आतड्यात त्यांचे जलीय विच्छेदन होऊन ग्लिसरीन आणि तीच परिचित अम्ले सुटी होतात. कोकोच्या चरबीशी तिचे साम्य इतके निकटचे आहे की, युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक आदेशात कोकोच्या चरबीऐवजी पाच टक्क्यांपर्यंत वापरण्यास ज्या सहा वनस्पतिज वसांना परवानगी दिली, त्यांत कोकमाचा समावेश आहे. अशा पदार्थाच्या स्वच्छ नमुन्याबाबत जनुकविषाक्ततेचे सर्व प्रयोग पुन्हा मुळापासून करावयास सांगणे हे ज्ञानात भर न घालणारे आणि कुडाळ-मालवणच्या गृहोद्योगास न परवडणारे ठरेल.

यास नैतिक बाजूही आहे. जनुकविषाक्ततेच्या शेवटच्या पायरीवरील परीक्षा उंदरांवर होतात. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर प्रयोग करण्यास भारताने २०१४ मध्ये बंदी घातली. ज्या प्रश्नाचे उत्तर विचाराने मिळते, तो प्राण्यांच्या जिवावर सोडविणे यापुढे समर्थनीय नाही. सादृश्यानुमानाचा त्याग करा, असे म्हणणे म्हणूनच प्रस्तुत लेखाच्या मनात नाही.

४. उपाधीचे चार प्रकार

नैयायिकांचे उपाधीचे उदाहरण सुपरिचित आहे. ‘पर्वतावर अग्नी आहे, म्हणून तेथे धूर असलाच पाहिजे’ हे अनुमान चुकते. कारण धूर केवळ अग्नीमुळे होत नाही, ओल्या इंधनाच्या संयोगाने होतो. जेथे धूर आहे तेथे ओले इंधन आहेच, पण जेथे अग्नी आहे तेथे ते असेलच असे नाही. हा अनुक्त अट म्हणून लपून बसलेला घटक म्हणजे उपाधी. ‘हा पदार्थ वसाम्लांचा आहे, म्हणून तो डीएनएला निरुपद्रवी आहे’ या अनुमानातही अशीच एक अनुक्त अट आहे: त्या पदार्थात डीएनएपर्यंत पोचून त्याच्याशी विक्रिया करू शकेल असा दुसरा कोणताही घटक नसला पाहिजे. वसाम्ल आहे तेथे ही अट पाळली गेली असेलच असे नाही. किनाऱ्यावरील तेलांत ती निदान चार प्रकारे मोडते.

पहिला प्रकार ओलीचा. नारळाच्या तेलातील वसाम्लांचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिक अम्लाचा आहे आणि त्याविषयीचे अनुमान वर सिद्ध केले आहे. पण तेल खोबऱ्यापासून निघते आणि कोकणातल्या पावसाळी हवेत खोबरे नीट वाळत नाही. ओलसर खोबऱ्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढल्यास अफ्लाटॉक्सिन तयार होते. इंग्लंडमध्ये १९६० साली टर्की पक्षी मोठ्या संख्येने दगावल्यामुळे जे विष उजेडात आले, ते हेच. यकृतातील विकर अफ्लाटॉक्सिन-बी१ चे इपॉक्साइडात रूपांतर करतात आणि ते डीएनएमधील ग्वानिनाला जोडले जाते. ज्ञात उत्परिवर्तकांमध्ये त्याची गणना अत्यंत प्रबळांत होते. घाण्यातून निघालेल्या कच्च्या तेलात ते उतरू शकते. नैयायिकांच्या उदाहरणात ओल्या इंधनावाचून धूर नव्हता. आपल्या उदाहरणात कोरडेपणावाचून निरुपद्रवीपणा नाही.

दुसरा प्रकार धुराचा. ओलीवर उपाय म्हणून खोबरे करवंट्यांच्या व सोडणांच्या आगीवर वाळवितात. धूर थेट खोबऱ्यास लागला तर अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणारी बहुचक्री हायड्रोकार्बने, त्यांत बेंझोपायरीनही, त्याच्या मेदात विरघळतात. बेंझोपायरीन हे मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत गणले जाते आणि तेही यकृतातील विकरांच्या हातून इपॉक्साइड बनूनच डीएनएवर चालून जाते. सूर्यप्रकाशात वाळविलेले खोबरे आणि धुरी दिलेले खोबरे यांच्या तेलांतील वसाम्लांचे पृथक्करण केले तर दोहोंचा आकडा एकच येईल; जनुकविषाक्ततेच्या दृष्टीने मात्र ती दोन भिन्न तेले आहेत.

तिसरा प्रकार हवेचा. तारलीच्या तेलात पाच व सहा द्विबंधांची वीस आणि बावीस कार्बनांची अम्ले असतात. द्विबंधांमुळेच ती आरोग्याला हितकर मानली जातात आणि द्विबंधांमुळेच ती हवेतील ऑक्सिजनाला लवकर बळी पडतात. प्रथम पेरॉक्साइडे बनतात, पुढे साखळी तुटून मॅलोनडायआल्डिहाइड, हायड्रॉक्सिनोनेनल यांसारखी आल्डिहाइडे सुटतात. यांपैकी पहिल्याचा इतिहास प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. १९७६ मध्ये ते उत्परिवर्तक असल्याचे प्रसिद्ध झाले. १९८० मध्ये मार्नेट व टटल यांनी दाखविले की, ते प्रयोगशाळेत बनविताना उत्पन्न होणारी उपद्रव्येच त्याच्याहून पुष्कळ अधिक उत्परिवर्तक आहेत. तेव्हा दोष कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. १९८३ मध्ये शुद्ध द्रव्य घेऊन केलेल्या प्रयोगांनी ते स्वतःही उत्परिवर्तक आहे हे निर्विवाद ठरले. एका लहानशा रेणूविषयीचा निर्णय अशुद्धीमुळे सात वर्षे अनिश्चित राहिला असेल, तर होडीच्या लाकडास चोळण्यासाठी उन्हात ठेवलेल्या माशांच्या तेलाविषयी ओलेइक अम्लाचा दाखला पुढे करणे किती धाडसाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

चौथा प्रकार उष्णतेचा, आणि तो सर्वांत सूचक आहे. कारण तो शुद्धीकरणातूनच उद्भवतो. कच्च्या तेलातील बुरशीचे विष आणि धुराचे अंश क्षार व सक्रिय कोळसा यांच्या साहाय्याने काढता येतात. परंतु वास घालविण्यासाठी तेल २०० अंश सेल्सिअसच्या वर तापविले की त्यातील अर्धवट ग्लिसराइडांपासून ग्लिसिडिल एस्टरे तयार होतात. पाम तेलात हे विशेष आढळते. येथे सादृश्यानुमानाचा एक आवडता युक्तिवाद उलटा फिरतो. एस्टराचे शरीरात विच्छेदन होऊन निरुपद्रवी वसाम्ल सुटते, म्हणून एस्टरही निरुपद्रवी, असे म्हणण्याची प्रथा आहे. पण विच्छेदनातून दोन अर्धे निघतात. ग्लिसिडिल एस्टराचा दुसरा अर्धा म्हणजे ग्लिसिडॉल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००० मध्ये त्याचा समावेश मनुष्यात बहुधा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये या एस्टरांविषयी इशारा दिला आणि २०१८ मध्ये तेथे वनस्पतिज तेलांसाठी किलोग्रॅममागे १००० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घालण्यात आली. एक उपाधी काढताना दुसरी घातली जाते, हा यातील धडा आहे. ‘घाण्याचे म्हणून चांगले’ आणि ‘शुद्ध केलेले म्हणून चांगले’ ही दोन्ही विधाने सारखीच अपुरी आहेत.

उलट बाजूची एक चूक टाळावी म्हणून येथेच नोंदविले पाहिजे की, इपॉक्साइड गट दिसला की विषाक्तता ठरलीच, असेही नाही. सोयाबीन तेलावर विक्रिया करून त्याच्या साखळ्यांच्या मध्यभागी इपॉक्साइडे निर्माण करतात आणि ते तेल प्लॅस्टिकात वापरतात. त्याच्या जनुकविषाक्ततेच्या परीक्षा नकारार्थी निघाल्या आहेत. लांब साखळीच्या मध्ये अडकलेला गट आणि लहान रेणूच्या टोकाशी मोकळा असलेला गट यांत अंतर आहे. म्हणून अटीत ‘विक्रियाशील’ एवढे म्हणणे पुरत नाही. ‘डीएनएपर्यंत पोचून विक्रिया करू शकणारा’ असे म्हणावे लागते.

५. साखळी समान, शीर्ष भिन्न

आतापर्यंतच्या उदाहरणांत मूळ अम्ल निर्दोष आणि दोष बाहेरून आलेला होता. काजूच्या टरफलातील तेलाची गोष्ट वेगळी आहे. त्यातील मुख्य घटक अ‍ॅनाकार्डिक अम्ल. नावात अम्ल आहे, कार्बॉक्सिल गट आहे, पंधरा कार्बनांची साखळी आहे आणि तीत ओलेइक अम्लाप्रमाणे द्विबंधही असू शकतात. रचनेच्या सादृश्याचा अंक काढणाऱ्यास त्यात वसाम्लाचे पुष्कळसे अवयव सापडतील. पण कार्बॉक्सिल गट येथे साखळीवर नसून सॅलिसिलिक अम्लाप्रमाणे फिनॉलच्या वलयावर बसलेला आहे. टरफले भाजताना उष्णतेने तो गट निघून जातो व कार्डेनॉल उरते. म्हणजे कच्च्या बीचे तेल आणि भाजलेल्या बीचे तेल ही रसायनदृष्ट्याही एक नव्हेत.

या तेलाचे खरे आप्त नारळ-मुठेलात शोधू नयेत. ते आम्रकुलातच आहेत. आपल्या घरोघरी माहीत असलेल्या बिब्ब्यातील भिलावनॉल याचीही साखळी पंधरा कार्बनांची आहे आणि तिचे शीर्ष कॅटेकोलाचे आहे. ते शीर्ष ऑक्सिडीभवनाने क्विनोन बनते व त्वचेतील प्रथिनांस जोडले जाते. बिब्बा उततो तो यामुळे. वेंगुर्ल्याच्या काजूकारखान्यांतून बिया फोडणाऱ्या स्त्रिया हाताला राख किंवा तेल लावूनच कामाला बसत. हे शीर्ष निरुपद्रवी नाही हे त्यांना रसायनशास्त्राच्या आधीपासून ठाऊक होते. त्वचादाह आणि जनुकविषाक्तता हे भिन्न परिणाम आहेत आणि एकावरून दुसरा सिद्ध होत नाही, हे खरे. पण त्वचेतील प्रथिनांशी झगडणाऱ्या शीर्षास स्टिअरिक अम्लाच्या साखळीचा दाखला देऊन डीएनएच्या बाबतीत निर्दोष ठरविता येणार नाही, एवढे त्यातून निश्चित निघते. त्या तेलाची परीक्षा त्याच्यावरच झाली पाहिजे, अथवा फिनॉल-वलयाच्या आप्तांवरून तरी.

उंडीचे तेल या दोहोंच्या मध्ये बसते. दिव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या तेलातील ओलेइक, लिनोलेइक, पामिटिक व स्टिअरिक अम्लांविषयी पुरावा उसना घेता येईल. पण त्यात राळेसारखा एक भाग असतो आणि त्यात कॅलोफिलोलाइडासारखी कुमारिनवर्गीय द्रव्ये असतात. त्या भागाला वसाम्लांचा पुरावा लागू पडत नाही. अशा तेलाचे अनुमान दोन भागांत विभागून मांडावे आणि दुसऱ्या भागाच्या बाबतीत प्रयोग करावा, हेच योग्य.

सादृश्य हे परिणामपरत्वेही बदलते, हे विसरता कामा नये. व्हॅल्प्रोइक अम्ल हे आठच कार्बनांचे अम्ल आहे. त्याच्या साखळीला कार्बॉक्सिल गटाशेजारी एक फाटा फुटला आहे. एवढ्या फरकाने ते गर्भात विकृती उत्पन्न करणारे औषध ठरले. नारळाच्या तेलातील ऑक्टॅनोइक अम्लाच्या साखळीवरील सर्व हायड्रोजनांच्या जागी फ्लुओरीन घातला की जे अम्ल होते, ते शरीरात मोडतच नाही; २०२३ मध्ये त्याची गणना मनुष्यातील कर्करोगकारक द्रव्यांत झाली. यांपैकी कोणतेही डीएनएवर थेट प्रहार करणारे म्हणून प्रसिद्ध नाही. म्हणूनच ‘हे पदार्थ सदृश आहेत’ हे विधान अपूर्ण राहते. कोणत्या परिणामाच्या संदर्भात सदृश, हे त्यास जोडूनच बोलावयास हवे.

६. आधारभूत प्रयोगांची योग्यता

सादृश्यानुमानात जो पुरावा उसना घेतला जातो, तोच कच्चा असेल तर काय? वसाम्लांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष टोकदार आहे. ब्रूस एम्स यांनी १९७० नंतरच्या दशकात बर्कली येथे सिद्ध केलेली परीक्षा या क्षेत्रात आद्य मानली जाते. हिस्टिडिनावाचून वाढू न शकणारे साल्मोनेला जंतू घेऊन, उत्परिवर्तनामुळे त्यांतील किती जंतू ती क्षमता परत मिळवितात हे मोजावयाचे, आणि यकृतातील विकरांचे काम उंदराच्या यकृताच्या अर्काकडून करवून घ्यावयाचे, अशी ही युक्ती आहे.

वसाम्लांच्या संदर्भात तीत तीन अडचणी येतात. एक, स्टिअरिक अम्लासारखे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. ताटलीवर ते थरासारखे पडून राहिले तर मिळालेले नकारार्थी उत्तर हे जंतूंची आणि द्रव्याची गाठच न पडल्याचे उत्तर असू शकते. दोन, मध्यम साखळीची अम्ले व त्यांचे साबण जंतूंनाच मारतात. मेलेल्या जंतूंत उत्परिवर्तन दिसत नाही आणि त्यामुळे वरची मात्रा तपासलीच जात नाही. तीन, तारलीच्या कच्च्या तेलात मांसाचे अंश राहिले असतील तर त्यांतील हिस्टिडीन जंतूंना आयते खाद्य पुरविते आणि उत्परिवर्तनावाचूनच वसाहती वाढलेल्या दिसतात. पहिल्या दोन अडचणींनी दोष लपतो, तिसरीने नसलेला दोष दिसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट कालाची आहे. या परीक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता १९९७ मध्ये सुधारण्यात आली, तेव्हा चार जंतुप्रकारांच्या जोडीस पाचवा प्रकार, म्हणजे टीए १०२ अथवा एश्चेरिचिया कोलायचा विशिष्ट वाण, आवश्यक ठरविला गेला. ऑक्सिडीकारक उत्परिवर्तके पहिल्या चार प्रकारांना हुलकावणी देऊ शकतात, हे त्याचे कारण. खवट तेलातील पेरॉक्साइडे याच वर्गात मोडतात. तेव्हा त्यापूर्वीच्या चार प्रकारांच्या प्रयोगांवरून संपृक्त अम्लाविषयी निष्कर्ष काढणे चालेल. द्विबंधयुक्त तेलाविषयी त्याच प्रयोगांचा दाखला घेणे चालणार नाही. एकच प्रयोग एका अनुमानास पुरेसा आणि दुसऱ्यास अपुरा असतो. अपुऱ्या प्रयोगांची संख्या वाढविल्याने त्यांतून पुरेसा पुरावा तयार होत नाही, ही गोष्ट प्रबंधांतील लांबलचक कोष्टके वाचताना ध्यानात ठेवावी.

कायद्याच्या बाबतीतही असाच विवेक हवा. युरोपच्या २००६ च्या रसायनविषयक नियमावलीत, पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार, नैसर्गिक मूळच्या व रासायनिक बदल न केलेल्या वनस्पतिज तेलांना आणि सहा ते चोवीस कार्बनांच्या वसाम्लांना काही अटींवर नोंदणीतून सूट आहे. प्रशासनाच्या दृष्टीने ती वाजवी आहे. पण नोंदणीतून सूट म्हणजे निर्दोषत्वाचा निर्णय असे समजून ती अनुमानाच्या आधारांत घालणे हा तर्कदोष होय.

७. निष्कर्ष

या परीक्षणातून जो व्यावहारिक मार्ग निघतो, तो खर्चिक नाही. मालवणच्या तेलासाठी सादृश्यानुमान करणाऱ्याने तीन गोष्टी क्रमाने कराव्यात. प्रथम तेलातील प्रत्येक मुख्य घटकाचे शीर्ष पाहून तो खरोखर वसाम्लांच्या कुळातला आहे किंवा नाही हे ठरवावे. काजूचे तेल येथेच बाजूला पडेल आणि उंडीचे दुभागेल. नंतर ते तेल ज्या वाटेने तयार झाले त्या वाटेवरची उपाधी मोजावी: नारळाच्या तेलात अफ्लाटॉक्सिन व बेंझोपायरीन, तारलीच्या तेलात पेरॉक्साइडे व आल्डिहाइडे, उच्च तापमानावर शुद्ध केलेल्या तेलात ग्लिसिडिल एस्टरे. या सर्व मोजमापांसाठी रासायनिक पृथक्करण पुरते; एकही प्राणी लागत नाही. शेवटी उसन्या घेतलेल्या प्रत्येक प्रयोगाविषयी, तो या विशिष्ट अनुमानास पुरेसा आहे काय, हे वर्ष, जंतुप्रकार व विद्राव्यता पाहून लिहावे.

या कसोटीला स्वच्छ मुठेल आणि नीट वाळविलेल्या खोबऱ्याचे तेल उतरतील असे मानण्यास सबळ कारण आहे, आणि उतरल्यावर त्यांच्या उत्पादकाकडून आणखी प्रयोग मागणे अन्यायाचे होईल. तारलीच्या तेलाचा निर्णय नमुन्यागणिक, त्याच्या ताजेपणावर होईल. काजूच्या तेलास स्वतःचाच पुरावा आणावा लागेल.

आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या क्षेत्रात करण्याजोगे काम पुष्कळ आहे. रेणूंच्या सादृश्याची गणिते जगात सर्वत्र होत आहेत. पण पावसाळ्यात वाळविलेल्या खोबऱ्याच्या आणि उन्हाळ्यात वाळविलेल्या खोबऱ्याच्या तेलांतील फरक सिंधुदुर्गातील गावोगावचे नमुने घेऊन, हंगामवार मोजण्याचे काम येथल्याच अभ्यासकाने करावयाचे आहे. ते झाल्यावाचून आपल्या तेलांविषयीची अनुमाने परक्या पदार्थांच्या आधारावर उभी राहतील, आणि त्यांतील उपाधी कोणाच्या लक्षात येणार नाही.